भरल्या रक्तातली उपासमार

मधू,

तुझं तेरावं झालं तरी माणसं येताहेत. ओटीवर बसतात, पाणी पितात आणि थोडं थांबून विचारतात, "नेमकं काय झालं होतं हो?" आई म्हणते, "लहानपणापासून साखरेचं होतं." मग ती माणसं माझ्याकडे बघतात. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते, तेव्हा माझ्याकडे याहून मोठं उत्तर असेल असं त्यांना वाटतं. तसं ते आहे. पण सांगायला लागलं की समोरचा माणूस उठायची वाट बघू लागतो. म्हणून तुलाच सांगते. तुला ते पाठ आहे. "हे तू मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस," असं मध्येच म्हणणार नाहीस, एवढाच फरक.

तू बारा वर्षांचा होतास. अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं, आई एकटी घर चालवत होती. मी मुंबईला कॉलेजात होते, मेच्या सुट्टीत घरी आले तर दारात तू उभा, आणि क्षणभर मला तू ओळखूच आला नाहीस. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. आई म्हणाली, "अगं, खातो तर दोघांचं. अंग उंचीला लागलंय." पानावर बसलो तेव्हा मी पाहिलं. तू भाताचा ढीग संपवायचास, उठून माठाकडे जायचास, तांब्याच तोंडाला लावायचास आणि परत येऊन "भात वाढ" म्हणायचास. मोरीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. आईनं राखेनं मोरी घासली आणि माझ्यावरच आळ घेतला, की सरबताचं पातेलं मी तिथं विसळलं असणार.

आठवड्याभरात तू अंथरूण धरलंस. श्वास लांब आणि खोल, त्याला फार पिकलेल्या केळ्यांचा वास. डॉक्टर उंबऱ्याच्या आत आले आणि तिथंच थबकले. त्यांना वासावरूनच कळलं होतं. तरी त्यांनी परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, तुझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. आई हात जोडून त्या नळीकडे बघत होती.

"इन्सुलिन द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "एक बाटली दवाखान्यात आहे. पुढच्या मुंबईहून आणा."

"किती दिवस द्यायचं?" आईनं विचारलं.

"रोज. जन्मभर."

आईला वाटलं, ते रागावून बोलताहेत.

तू वाचलास. उठून बसायला लागलास तेव्हा पहिला प्रश्न तू मला विचारलास, "ताई, मी एवढं खात होतो, ते गेलं कुठं?" या प्रश्नाचं उत्तर मी कॉलेजात नुकतीच शिकत होते. पुस्तकात ते बाणांनी जोडलेलं होतं, या पदार्थापासून तो पदार्थ, त्यापासून पुढचा. तुझ्या तोंडून प्रश्न आला तेव्हा ते बाण मला आठवेनात. संध्याकाळी आपण वडाळे तळ्यावर गेलो. तू पायऱ्यांवर बसलास आणि मी माझ्या परीनं सांगितलं. पोटात गेलेल्या भाताची साखर होते. ती रक्तात उतरते. सगळं अंग लहान लहान पेशींचं आहे, रक्त त्या प्रत्येकीच्या दाराशी साखर नेऊन पोचवतं. आत गेलेली साखर श्वासातल्या प्राणवायूबरोबर जळते. चुलीत लाकूड जळतं तशी नाही, धूर नाही, ज्वाळा नाही. एकेका पायरीनं, सावकाश, म्हणून अंग भाजत नाही, नुसतं कोमट राहतं. त्यातून जी शक्ती सुटते ती पेशी एका छोट्याशा पदार्थात बांधून ठेवते आणि लागेल तशी सोडते. हात उचलायला, हृदय हलवायला, आत्ता तू माझ्याकडे बघतोयस त्यालाही.

"आणि माझ्यात?"

"तुझ्यात साखर दाराशी येत होती, पण बऱ्याच पेशींची दारं उघडत नव्हती. ती उघडायला इन्सुलिन लागतं, ते तुझ्या अंगात तयार होईना. साखर रक्तात साचली आणि लघवीवाटे वाहून गेली. आत पेशी उपाशी. मग अंगानं स्वतःची चरबी जाळायला घेतली, स्नायू जाळायला घेतले. तो केळ्यांचा वास होता ना, तो चरबी जळल्याचा."

तू पायरीवरून हात पाण्यात बुडवलास. मग म्हणालास, "आणि नाव मधू." हसलास. मला हसता आलं नाही.

इन्सुलिनची बाटली थंड ठेवायची होती. घरात सगळ्यांत गार जागा देवघरातला कोनाडा. आईनं विचारलं, "हे कशापासून करतात?" मी सांगितलं, कसायाकडच्या गाईबैलांच्या आणि डुकरांच्या पोटातल्या एका ग्रंथीपासून. खोटं सांगता आलं असतं. आई उठली. आत गेली, पंचा भिजवून पिळून आणला, बाटली त्यात गुंडाळली, मातीच्या परळात ठेवली आणि परळ देवांच्या शेजारी सरकवला. त्या दिवसापासून तिनं गोड सोडलं. सोमवार होताच, गुरुवारही धरला. मोठा झाल्यावर तू तिच्याशी यावरून भांडायचास. "तू उपास केलास म्हणून माझ्या पेशी जेवणार आहेत का?" ती म्हणायची, "नाही जेवणार म्हणून तुला कुणी सांगितलं?" यापुढे तुझं शास्त्रही थांबायचं आणि माझंही.

एक सकाळ माझ्याकडे नीट राहिली आहे. मला शाळेत लागून थोडेच दिवस झाले होते आणि वर्गाला दाखवायच्या प्रयोगाची तयारी आपण परसात केली होती. तू तळ्यातून पाणवनस्पती काढून आणलीस. काचेच्या भांड्यात ती ठेवली, वर फनेल उपडं घातलं, फनेलच्या नळीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी पालथी घातली आणि सगळं उन्हात मांडलं. देठातून बुडबुडे निघायला लागले. एकामागून एक, शिस्तीत. तू गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होतास.

"हे आत्ता काय करतंय?"

"ऊन धरतंय. पाणी आणि हवा घेऊन त्यातून साखर करतंय. बुडबुडे म्हणजे उरलेला प्राणवायू."

"आणि ती साखर खातं कोण?"

"काही ते स्वतः खातं. तुझ्यामाझ्यासारखंच, पेशीत जाळून. बाकीची आपण सगळे खातो. गाय, मासा, माणूस, सगळ्यांची शिदोरी तिथून येते."

"म्हणजे सगळ्यांत एकच चालतं."

"एकच."

"मग मला एकट्याला का वगळलं?" तू हे रागानं विचारलं नाहीस. हजेरीपटावर आपलं नाव आहे की नाही हे विचारणाऱ्या मुलासारखं विचारलंस. मी म्हणाले, वगळलं नाही, एक दुवा तुटला आहे, आणि तो आपण बाहेरून जोडतो. तू म्हणालास, "रोज." यावर आपण पुढं खूप वाद घातला. तुझं म्हणणं, कळल्यानं काही बदलत नाही. ज्याला काही कळत नाही त्यालाही तेवढंच टोचून घ्यावं लागतं. माझं म्हणणं, कळण्याला स्वतःचं मोल आहे, आपल्यावर काय चाललंय हे ठाऊक असलेला माणूस आंधळेपणानं सोसणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. "कसा वेगळा?" तू विचारायचास. मी उदाहरणं शोधायची. तो वाद तसाच राहिला. आज तू जिंकलायस असं मला वाटतं, पण हे तुझ्यासमोर मी कबूल केलं नसतं.

मॅट्रिकनंतर तू गव्हाणकडच्या मिठागरावर देखरेखीला लागलास. मला ते आवडलं नव्हतं, त्या उन्हात दिवसभर उभं राहणं. डॉक्टर म्हणाले, काम केलेलं बरं, चालत्या स्नायूंना साखर घ्यायला इन्सुलिन कमी लागतं. तुला ते मिठागर आवडायचं. तिथं तुला कुणी आजारी म्हणत नसे. मीठ ओढणाऱ्या बायकांत राधाबाय होती, तुझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी. तू सांगायचास ना, उन्हं चढली की ती पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढायची. "भाऊ, तोंडावं रंग नाय तुमच्या. पयला ह्यो गूल खावा, मंग लिवा काय लिवायचा त्ये."

बाजारातलं ते घडलं त्या दिवशी मिठागरावरून मिठाची गाडी उशिरा सुटली होती. तू इन्सुलिन घेतलेलं, आणि दुपारचं जेवण राहिलेलं. इन्सुलिननं सगळी दारं उघडी टाकली होती आणि रक्तात द्यायला साखर उरली नव्हती. स्नायू दुसरं काही जाळून भागवतात. मेंदूला तसं जमत नाही, तो साखरेवरच चालतो, आणि साठा करून ठेवायची त्याची रीत नाही. बाजारात तू झोकांड्या खायला लागलास. जीभ जड झाली. अंग घामानं भिजलं. ते दारूबंदीचे दिवस. शिपायानं दंडाला धरलं, तू त्याचा हात झिडकारलास, त्याला वाईटसाईट बोललास, आणि तो तुला चौकीवर घेऊन गेला. मागून पोरं, आणि दुकानांच्या फळ्यांवर उभी असलेली माणसं, त्यांतली अर्धी अण्णांच्या ओळखीची.

कापडवाल्यानं शाळेत निरोप पाठवला म्हणून मला कळलं. मी आले तेव्हा तू बाकावर आडवा होतास, डोळे उघडे, पण मला बघत नव्हतास.

शिपाई म्हणाला, "बाई, चांगल्या घरचा दिसतो, म्हणून अजून लिहून घेतलं नाही. भरदिवसा पिऊन बाजारात..."

"तोंडाचा वास घेतलात?"

"वास नाही येत. पण हल्ली बिनवासाचीही मिळते."

मी त्याला म्हणाले, समोरच्या हॉटेलातून साखर आणि पाणी आणवा, मग काय लिहायचं ते लिहा. तो घुटमळला, पण स्वतः गेला आणि स्वतः घेऊन आला. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी चमच्यानं ते पाणी थोडं थोडं गालात सोडलं. तू गिळत होतास. हळूहळू तुझे डोळे माझ्यावर स्थिरावले, मग तुला भिंत दिसली, गज दिसले, दारातली माणसं दिसली. तू विचारलंस, "ताई, शाळा सुटली?"

शिपाई खाली बघत म्हणाला, "आम्हाला असलं काही माहीत नव्हतं." त्यानं तुझ्यासाठी चहाही मागवला. तू तो घेतला नाहीस.

घरी आल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडलास. मी समजावत राहिले, की त्या वेळी बोललेलं तुझं नव्हतं, मेंदूला साखर मिळत नव्हती. तू म्हणालास, "तेच तर. चार चमचे साखर कमी पडली आणि मी मी राहिलो नाही. मग मी म्हणजे कोण, ताई?" त्यानंतर तू बाजारातून जाणं सोडलंस, बंदराकडच्या लांबच्या रस्त्यानं यायला लागलास. आजार तुला इतकी वर्षं खाली पाडू शकला नव्हता. त्या एका दुपारनं पाडलं.

पुढच्या वर्षी नेऱ्याहून तुला स्थळ आलं, मुलीकडच्यांना सगळं सांगूनही. तू नाही म्हणालास. "कुणाची मुलगी आणून तिला काय द्यायचं? निळ्या द्रावणाची बाटली?" आई रडली. मी बोलले तर तू माझ्यावर उलटलास. "तू केलंस का लग्न? माझ्यामुळेच राहिलीस ना?" मी म्हणाले, तुझ्यामुळे नाही. तुझा विश्वास बसला नाही. नंतर कधीकधी, अगदी दुसरंच बोलताना, तू अचानक माझ्याकडे बघायचास, आणि मला कळायचं की तू पुन्हा तिथंच पोचला आहेस. मधू, तुझ्यामुळे नाही. मला वर्ग आवडत होता, संध्याकाळचं माझं वाचन आवडत होतं. एकदा एका माणसाविषयी मनात आलं होतं, ते आलं तसं गेलं. आता तुला हे सांगून उपयोग नाही, पण खरं ते हेच. निदान मला कळतं त्याप्रमाणे.

मग डोळे अधू झाले. आधी म्हणालास, मिठाची चकाकी लागते. मग वर्तमानपत्र मी वाचून दाखवायला लागले. पाय सुजले, चेहरा सकाळी सुजायला लागला. साखरेनं वर्षानुवर्षं बारीक रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या, डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडांतल्या. मिठागर सुटलं.

आणि अशातच एका सकाळी मी रोजच्यासारखी तुझी लघवी तपासली, तर नळीतलं द्रावण निळंच राहिलं. मी पुन्हा तापवलं. निळंच. दुसऱ्या दिवशीही निळं, तिसऱ्या दिवशीही. इन्सुलिन निम्म्यावर आणावं लागलं, तरी निळं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला त्या रंगांचा अर्थ इतक्या वर्षांत माझ्याइतकाच कळायला लागला होता. "गेली का ग साखर?" तिनं विचारलं.

ते काय होतं ते मला कळलं होतं. मूत्रपिंडं थकली होती. साखर बाहेर टाकायचं त्यांचं काम मंदावलं होतं, आणि टोचलेलं इन्सुलिन नाहीसं करण्याचंही. म्हणून नळी निळी आणि म्हणून डोस कमी. तू खाटेवर बसला होतास. तुला नळी दिसत नव्हती, पण माझं गप्प राहणं तू ऐकलंस. आई आत वळली तसं तू हळूच म्हणालास, "मूत्रपिंडं ना?"

"हो."

"तिला सांगू नकोस."

त्या दिवशी आईनं शिरा केला. देवाला नैवेद्य दाखवला, शेजारी वाट्या दिल्या आणि इतक्या वर्षांनी स्वतःच्या जिभेवर पहिल्यांदा गोड ठेवलं. तुलाही चमचाभर भरवला. तू खाल्लास. म्हणालास, "वेलदोडा जास्त झालाय." ती किती दिवसांनी हसली. मी माझी वाटी झाकून फडताळात ठेवली. कळण्याला मोल आहे असं ज्या ताईनं तुला इतकी वर्षं ऐकवलं, ती त्या सकाळी आईच्या न कळण्याचा हेवा करत होती.

शेवटच्या महिन्यात तू खाटेवरच असायचास. एकदा विचारलंस, पेशी उपाशी मरते तेव्हा तिला दुखतं का. मी म्हणाले, पेशीला दुखत नाही, दुखतं ते आपल्याला. तू म्हणालास, "मग बरं आहे तिचं." तुझ्या पायांना तेल लावताना मी खाली बघत राहिले. तुझे आभार मानायचे होते, ते तेव्हा जमलं नाही. वर्गात मी श्वसनाचा धडा शिकवते तेव्हा मुली ऐकतात, कारण ते मी पुस्तकातून बोलत नाही. दर वर्षी तुझ्या प्रश्नांवर मी तो धडा उभा केला. हे तुला कधी सांगितलं नाही. तू चेष्टा केली असतीस, म्हणून असेल.

राधाबाय परवा आली होती. अंगणात बसली, ओटीवर ये म्हटलं तरी आली नाही. "आमाला कुनी सांगितला नाय," म्हणाली. "मला वाटला, भाऊ बरं झालं आन् दुसरीकरं कामाला लागलं." मग पदर तोंडाला लावून निघून गेली.

तू गेलास तो सकाळचा प्रहर होता. आई पूजेला बसली होती आणि मी तुझा हात हातात घेऊन बसले होते. तू माझी बोटं धरली होतीस, घट्ट नाही, उठताना आधाराला धरायचास तशी. एक श्वास गेला आणि दुसरा आला नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. अलिबागहून काका यायचे होते, म्हणून दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. लोक म्हणाले, ऊठ, थोडं पाणी पी. मी उठले नाही. मला ठाऊक होतं की सगळं एकदम थांबत नाही. श्वास थांबला तरी पेशींजवळ थोडं काही उरलेलं असतं. त्वचेत, स्नायूंत, कुठंकुठं, तेवढ्यावर त्या काही काळ चालू राहतात. तू गेला आहेस हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. कुणाच्या तरी सोबतीला बसावं तशी मी त्यांच्या सोबतीला बसले.

दुपारी काका आले आणि मी हात काढायला गेले तर निघेना. तुझी बोटं ताठ झाली होती, माझ्या बोटांभोवती तशीच वळलेली. आई जवळ आली. तिनं ते पाहिलं आणि तुझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "सोडत नाहीये ग तुला."

स्नायू आवळायला शक्ती लागते हे सगळ्यांना माहीत असतं. तो सैल व्हायलाही तीच शक्ती लागते, हे मी एका नव्या पुस्तकात वाचलं होतं आणि तुला सांगायचं राहून गेलं होतं. पेशीतली ती शेवटची शिदोरी संपली की स्नायू आहे तिथंच अडकतो. त्याला पकड सोडता येत नाही, कारण सोडायला त्याच्याजवळ काही उरलेलं नसतं. तुझ्या हातात ते संपलं होतं. माझ्या हातात अजून होतं.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणत होती तेही मला खोटं वाटलं नाही. बाहेर काकांनी हाक मारली, उन्हं कलायच्या आत निघायला हवं होतं. मी तुझ्याजवळ वाकले आणि तुझी बोटं एकेक करून सोडवली.